डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडे नवरा

फ्रान्सला जाऊन आलो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आयफेल टॉवरवर वर गेलात की खालूनच बघितला?’ दुसरा, ‘शॉपिंग काय केलं?’ दोन्हीची उत्तरं ऐकून लोकांचे चेहरे पडतात. पॅरिसमध्ये आम्ही जेमतेम एक रात्र होतो. सकाळी मोंपारनास स्टेशनवरून ट्रेन पकडली आणि दोन तासांत बोर्दो. २०१७ साली ही नवी हायस्पीड लाइन सुरू झाल्यापासून बोर्दो हे पॅरिसकरांचं लोणावळाच झालंय म्हणा ना! तिथे गाडी भाड्याने घेतली आणि टुलूज गाठलं.

बोर्दो ते टुलूज हायवेने अडीच तास लागतात. आम्हाला आठ दिवस लागले.

याला कारण एक ई-मेल. २०२४च्या ऑगस्टमध्ये नवरोबांना टुलूजच्या एका कंपनीकडून ऑफर आली. विमानांचं शहर ते. एअरबसचं मुख्यालय तिथे, आणि त्याभोवती विमानांचे लहानमोठे भाग करणाऱ्या कंपन्यांचं अख्खं गावच वसलंय. नोकरी पर्मनंट, पगार युरोमध्ये, उत्तर ३० सप्टेंबरपर्यंत हवं. इकडे पुण्यात मला जुलैतच टीम मिळालेली. अकरा माणसं, त्यातली चार मी स्वतः इंटरव्ह्यू घेऊन निवडलेली. लग्नाला सहा वर्षं, फ्लॅटच्या हप्त्यांना चार. आता बोला!

घरात दोन आठवडे या विषयावर फक्त थंड शांतता होती. मग त्यानेच तोडगा काढला. आधी तो भाग बघून येऊ, आणि टुलूजचा विषय टुलूज येईपर्यंत काढायचा नाही. मी हो म्हटलं. सासूबाईंची हरकत वेगळीच होती, ‘अरे, पितृपक्षात कसले प्रवास करताय?’ शेवटी नवऱ्याने पंधरवडाभर मांसाहार न करण्याचं कबूल केलं तेव्हा कुठे परवानगी मिळाली. बदकाच्या मटणासाठी जगप्रसिद्ध असलेल्या मुलखात आम्ही अशा रीतीने शाकाहारी म्हणून दाखल झालो.

<b>आधी कामाचं बोलू</b>

गाडी मी चालवणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. सातारा रोडवर ट्रकच्या मधून वाट काढत मी शिकलेय, त्याला नकाशे आवडतात. आपलं लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही सोबत ठेवा. परमिटची मुदत एक वर्ष असते. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर बुक करा, तिकडे अजूनही मॅन्युअल गिअरच्या गाड्या भरपूर आहेत आणि उजव्या हाताने गिअर टाकताना पहिले दोन दिवस दरवाजाच चाचपला जातो.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं वाटतं तितकं अवघड नाही. अवघड आहे इंडिकेटर. आपल्याकडे तो उजव्या हाताला, तिकडे डाव्या. बोर्दोतून बाहेर पडेपर्यंत मी प्रत्येक वळणावर कडक उन्हात काच पुसत होते.

बाकी नियम कळले की मजा येते. हायवेवर १३०, पाऊस पडत असेल तर ११०. आतल्या दुपदरी रस्त्यांवर २०१८पासून ८०, पण काही जिल्ह्यांनी नंतर पुन्हा ९० केलंय, त्यामुळे पाट्या वाचायच्या. गावात वेगमर्यादेची वेगळी पाटी शोधू नका. लाल काठाच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की तिथून ५० सुरू. त्याच नावावर तिरकी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं. किती सोपं! पाटी नसलेल्या चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क, मग तो शेतातून ट्रॅक्टर घेऊन येणारा आजोबा का असेना. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, हे पाठच करून ठेवा. नावावरून पेट्रोल वाटतं आणि वाट लागते.

आणि कुठेही, कुणालाही काहीही विचारण्याआधी ‘बॉन्झूर’. दुकानात शिरल्या शिरल्या. ते न म्हणता सरळ ‘हे केवढ्याला?’ विचारलंत तर समोरचा माणूस तुमच्या आरपार बघतो.

<b>जुनी टाऊनशिप स्कीम</b>

सांतेमिलियाँ आम्ही उरकलं असं म्हटलं तर वाइनवाले मला मारतील. पण खरं तेच सांगते. द्राक्षांच्या रांगा सुंदर आहेत, १९९९पासून ते अख्खं क्षेत्र युनेस्कोच्या यादीत आहे, एका अखंड खडकात कोरून काढलेलं चर्च आहे. ते बघून वेरूळची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. पण प्रत्येक दुसरं दुकान वाइनचं, आणि मी गाडी चालवणार. पुढे!

पुढे लागलं मोंपाझिए, आणि इथे मात्र आम्ही दुपारभर रेंगाळलो. तेराव्या शतकात हा भाग इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होता. पहिल्या एडवर्डने इथे कोऱ्या जमिनीवर गाव वसवलं. चौकोनी आखणी, काटकोनात रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, मध्यभागी कमानींनी वेढलेला चौक. अशा गावांना तिकडे ‘बास्तीद’ म्हणतात. नैऋत्य फ्रान्समध्ये ती अनेक आहेत, आणि फ्रेंच राजेही तेच करत होते. दोन घरांच्या मध्ये हातभर रुंदीची फट सोडलेली दिसते. एकाला आग लागली तर दुसऱ्याला लागू नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. चौकातल्या लाकडी छपराखाली धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत.

गंमत पुढेच आहे. नुसतं गाव आखून माणसं येतात थोडीच? मग येणाऱ्यांना जमीन, करात सूट आणि काही हक्क लिहून दिले जायचे. नवऱ्याने हे वाचून दाखवलं आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. सातशे वर्षांपूर्वीचं रिलोकेशन पॅकेज! विषय काढायचा नाही असं ठरलेलं, म्हणून दोघंही कॉफी पीत राहिलो.

<b>सार्लाचा बाजार आणि बटाट्याच्या काचऱ्या</b>

सार्लाला पोचायचं तर शनिवारी पोचा. बाजाराचा दिवस. मधाच्या रंगाच्या दगडाची उंच घरं, त्यांच्यामधल्या गल्ल्यांत अक्रोड, स्ट्रॉबेरी, बकरीच्या चीजच्या छोट्या चकत्या, आणि सगळीकडे बदक. डब्यात बदक, बरणीत बदक, पोस्टकार्डावरही बदकच. सांत-मारी नावाच्या जुन्या चर्चमध्ये आता मंडई भरते. त्याला स्टीलचे राक्षसी उंचीचे दरवाजे लावलेत ते जाँ नुव्हेल या बड्या आर्किटेक्टने. हे गाव इतकं टिकलं कसं? १९६२ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी जुनी शहरं वाचवायचा कायदा केला आणि सार्ला त्याच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांपैकी एक ठरलं. एकेक वाडा नव्हे, अख्खी वस्तीच जपायची ही कल्पना. पेठांमध्ये वाढलेल्या मला हे वाचून जरा आतून दुखलंच.

शाकाहारींसाठी धोक्याची सूचना. इथे ‘पॉम सार्लादेझ’ नावाचा पदार्थ मिळतो. लसूण घातलेल्या बटाट्याच्या खमंग काचऱ्या, दिसायला शंभर टक्के सोवळ्या. त्या बदकाच्या चरबीत परतलेल्या असतात. नवऱ्याने वेट्रेसला विचारलं म्हणून कळलं. ती बिचारी इतकी ओशाळली की त्याच्यासाठी रानातल्या सेप मशरूमचं ऑम्लेट घेऊन आली, वर अक्रोडाचं तेल घातलेलं सॅलड. पितृपक्षात अंडं चालतं का, यावर आम्ही फोन न करण्याचं ठरवलं. जेवणाची वेळ मात्र बारा ते दोन. सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद. मागूनही मिळत नाही, आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही.

<b>किल्ल्यातली बाई</b>

दोर्दोन्य नदीच्या दोन काठांवर बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले एकमेकांकडे डोळे वटारून उभे आहेत. १३३७ ते १४५३ चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात ही नदी बराच काळ फ्रेंच आणि इंग्रज यांच्यातली सीमा होती. कास्तेलनोमध्ये दगड फेकायची यंत्रं मांडून ठेवलीत. राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला पायऱ्यांचं काही वाटत नाही, पण किल्ल्याची डागडुजी बघून वाटतं.

मला लक्षात राहिला तो जवळचाच तिसरा, ले मिलांद. हा लढाईचा नाही, एका बाईच्या हट्टाचा किल्ला आहे. जोसेफिन बेकर. अमेरिकेत सेंट लुइसला १९०६ साली एका गरीब काळ्या कुटुंबात जन्मली, विशीच्या आतच पॅरिसला आली आणि नाचून अख्खं शहर वेडं केलं. १९३७ मध्ये फ्रेंच नागरिक झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध हेरगिरी केली. १९४७ मध्ये हा किल्ला विकत घेतला आणि जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. वेगवेगळ्या वर्णांची, धर्मांची मुलं भावंडं म्हणून एका छताखाली राहू शकतात, हे तिला जगाला दाखवायचं होतं. तिचे कपडे, पदकं, झगमगीत बाथरूम सगळं बघायला मिळतं. २०२१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या रांगेत, तिला जागा देण्यात आली. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

‘बघ, बाहेरून येऊन माणूस कुठल्या कुठे जातो,’ नवरा म्हणाला. अगदी सहज म्हटल्यासारखं.

मग आम्ही पुढच्या खोलीत गेलो. कर्ज फिटेना म्हणून किल्ला विकला गेला आणि १९६९ साली तिला बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर टोपी घालून, पांघरूण घेऊन बसलेल्या बाईचा फोटो तिथे आहे.

‘बघितलं,’ मी म्हटलं.

<b>पितरांची भेट</b>

सार्लाहून अर्ध्या तासावर मोंतिन्याक. १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलं इथल्या टेकडीवरच्या एका बिळात उतरली आणि त्यांना भिंतीवर बैल, घोडे, हरणं दिसली. सतरा हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी. तीच लास्कोची गुहा. १९४८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, झुंबड उडाली आणि माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याने, कार्बन डायऑक्साइडने चित्रं खराब व्हायला लागली. भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं. १९६३ मध्ये गुहा बंद केली ती कायमची. आज आपण बघतो ती हुबेहूब प्रतिकृती, २०१६च्या डिसेंबरात उघडलेली. यापूर्वीची १९८३ची.

नकली गुहा बघायला एवढे पैसे? माझाही तोच विचार होता. आत गार, अंधुक, गाइड हळू आवाजात बोलणारी. डोक्यावर पाच मीटरहून लांब बैल धावतोय. खडकाच्या फुगवट्याचा घोड्याच्या पोटासाठी वापर केलाय. गाइडने सगळ्यांना दोन मिनिटं गप्प राहायला सांगितलं. नवरा कानात कुजबुजला, ‘आईला सांग, पितृपक्षात सगळ्यात जुन्या पितरांना भेटून आलो.’ मी इतकी जोरात हसले की शांतता भंगली.

<b>राउंडअबाउटवरचं भांडण</b>

रोकामादूर म्हणजे उभ्या कड्याला चिकटलेलं गाव, खाली घरं, मध्ये देवळं, वर किल्ला. २१६ पायऱ्या, यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. जेजुरीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वर काळी मेरीमाता आहे. कड्यात खुपसलेली एक गंजकी तलवार इथे प्रसिद्ध होती, दंतकथेतल्या रोलाँ या वीराची म्हणून. आम्ही पोचलो त्याच्या काही महिने आधी, २०२४च्याच उन्हाळ्यात, ती गायब झाली होती. लोक रिकाम्या जागेचे फोटो काढत होते.

तिथून सां-सिर्क-लापोपी. लोत नदीच्या वर शंभर मीटरवर टांगलेलं गाव, २०१२ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्रान्सचं सर्वांत लाडकं ठरलेलं. कवी आंद्रे ब्रेतों १९५० साली आला आणि इतका प्रेमात पडला की पुढच्या वर्षी घरच घेतलं. मातीची भांडी विकणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, ‘हिवाळ्यात कसं असतं?’ त्या म्हणाल्या, ‘नोव्हेंबरमध्ये शटर खाली. मी मुलीकडे काओरला जाते. इथे आमच्यापैकी थोडेच उरतात, आणि दुधासाठीसुद्धा गाडी काढावी लागते.’ एवढं देखणं गाव, आणि राहायचं म्हटलं की दुधापासून सुरुवात.

काओरच्या वाटेवर मीच नियम मोडला. म्हटलं, ‘तुला नोकरी मिळतेय. मला काय मिळतंय? व्हिसा.’

‘त्या व्हिसावर तुलाही काम करता येतं. मी वाचलंय.’

‘कुठल्या भाषेत?’

तो गप्प. मग, ‘पुढच्या राउंडअबाउटला तिसरा एक्झिट.’ मी पहिली फेरी मारली. ‘आणि मी नाही म्हटलं तर?’ तो म्हणाला, ‘तू मला कधी ऐकवणार नाहीस, माहितीय. पण मीच स्वतःला ऐकवत बसेन. दहा वर्षं.’ दुसरी फेरी. मागच्या गाडीतल्या माणसाने हॉर्नसुद्धा दिला नाही, फ्रेंच लोक एवढे सभ्य असतील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी एक्झिट घेतला. पण विषय आता गाडीत येऊन बसला होता, मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.

काओरला १३०८ साली बांधायला घेतलेला वालांत्रे पूल आहे, तीन उंच बुरुजांचा. काम रखडलं म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला, माझं सगळं ऐकायचं, बदल्यात माझा आत्मा घे. पूल होत आल्यावर त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं आणि सुटला. चिडलेला सैतान मधल्या बुरुजाचा एक दगड रोज रात्री काढतो म्हणे. १८७९च्या दुरुस्तीत त्या जागी दगडाला लटकलेला छोटा सैतान कोरून बसवलाय. तो शोधत आम्ही मान वर करून उभे होतो तेव्हा नवरा म्हणाला, ‘करारात अटी आपणही घालू शकतो की.’

<b>निळीचा हिशोब</b>

आल्बी. बास, माझा जीव या शहरावर बसला. दगड नाहीच, सगळी लाल वीट. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथर पंथाच्या लोकांविरुद्ध इथे पोपच्या आशीर्वादाने धर्मयुद्ध झालं, त्यांना नावच आल्बीवरून मिळालं. ते मोडून काढल्यावर १२८२ मध्ये सांत-सेसिल कॅथीड्रल बांधायला घेतलं, ते चर्च कमी आणि गढी जास्त. लोकांना दरारा वाटावा म्हणूनच. आत गेलात की मात्र छतापासून सगळं रंगवलेलं, निळं-सोनेरी. शेवटच्या न्यायनिवाड्याचं प्रचंड चित्र आहे, पण मधला न्याय करणारा देवच नाही. सतराव्या शतकात मागच्या चॅपलला वाट काढायला भिंत फोडली, त्यात तो गेला. शेजारच्या बिशपच्या वाड्यात इथेच १८६४ साली जन्मलेल्या तुलूझ-लोत्रेकचं म्युझियम आहे. २०१०पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत.

या भागाची श्रीमंती आली पास्टेल नावाच्या झाडापासून. त्याच्या पानांपासून निळा रंग बनायचा, पंधराव्या-सोळाव्या शतकांत व्यापाऱ्यांनी त्यावर हवेल्या उठवल्या. मग बाहेरून स्वस्त आणि गडद नीळ यायला लागली आणि धंदा बसला. बाहेरून म्हणजे कुठून? भारतातून! ‘म्हणजे आपली माणसं यांना आधीपासूनच जड गेलीयत,’ मी म्हटलं. काओरनंतर पहिल्यांदा दोघंही मोकळं हसलो.

टुलूजमध्ये आम्ही एकही म्युझियम बघितलं नाही. ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोने त्याच्या होऊ घातलेल्या ऑफिसपर्यंत गेलो, घड्याळ लावून. सुपरमार्केटमध्ये जाऊन तूरडाळ शोधली, लाल मसूर मिळाली. घरभाड्याच्या जाहिराती वाचल्या. संध्याकाळी गारोन नदीच्या काठावर बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि उत्तरात तीन अटी लिहिल्या. रुजू एप्रिलमध्ये होणार, बायकोच्या भाषेच्या क्लासचा खर्च कंपनीचा, आणि महिन्यातला एक आठवडा पुण्यातून काम. तिसरी मी सांगितली होती.

पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी तीन महिन्यांतून एकदा अशी झाली. २०२५च्या एप्रिलला तो गेला. माझी अकरा माणसं माझ्याकडेच राहिली. क्लास मी पुण्यात लावला. जमेल तसं तो इकडे येतो, जमेल तशी मी तिकडे जाते. तिथे राहायला गेलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स वर्षभरच चालतं, मग फ्रेंचमधून लेखी परीक्षा आणि ड्रायव्हिंग टेस्ट. त्याचं पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं असतं. मी गेले की गाडी मीच काढते, मी अजून टुरिस्ट आहे ना.